गाडीवानाला विचारले का?

२०२२ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाने एक मसुदा लोकांपुढे ठेवला. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा बदलायचा आहे, नागरिकांनी आपल्या सूचना ७ डिसेंबरपर्यंत कळवाव्यात, असे आवाहन सोबत होते. हाती मुदत होती जेमतेम पंधरवड्याची. मसुदा होता इंग्रजीत.

कायदा बदलायला हवा, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. जुन्या कायद्याच्या अकराव्या कलमात मारणे, अतिभार लादणे, उपाशी ठेवणे, हालहाल करणे अशा गोष्टींची लांबलचक यादी आहे आणि त्या यादीच्या शेवटी पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. मसुदा आला तेव्हा या आकड्याला ६२ वर्षे झाली होती. आज एवढ्या पैशांत धड दोन वडापावही येत नाहीत. नव्या मसुद्यात ‘ग्रूसम क्रुएल्टी’ असा वेगळा गुन्हा होता, त्यासाठी ५०,००० ते ७५,००० रुपयांपर्यंत दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होती. जनावराचा जीव घेतल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होती. हे सगळे व्हावे, असे मलाही वाटते.

माझी तक्रार विचारण्याच्या रीतीबद्दल आहे. ज्यांच्या हातात जनावराची दोरी आहे, त्यांच्यापर्यंत हा प्रश्न पोचला नाही. आणि कागद पोचला असता तरी त्यांना तो वाचता आला नसता. यात त्या माणसांवर अन्याय आहेच. पण अशाने जनावराचेही नुकसान होते, आणि मला मुख्यतः तेच सांगायचे आहे.

तो पंधरवडा कोणता होता ते आधी पाहू. नोव्हेंबरचा शेवट आणि डिसेंबरचा पहिला आठवडा म्हणजे साखर कारखान्यांचा गळीत हंगाम ऐन भरात. बीडकडची, मराठवाड्यातली हजारो कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे आणि सीमेपलीकडे बेळगाव भागात ऊस तोडायला गेलेली असतात. त्यांतली कितीतरी बैलगाडीने ऊस वाहतात. पहाटे फडात कोयता, मग गाडी भरायची, मग कारखान्याच्या आवारात गव्हाणीपुढच्या रांगेत तासन्‌तास उभे राहायचे. पैसे टनावर मिळतात. गाडीत जितका ऊस जास्त, तितकी उचल लवकर फिटते. बैलाच्या खांद्यावर चढणारा भार असा वरून ठरून येतो: मुकादमाच्या वहीतून, टनाच्या दरातून, रांगेच्या लांबीतून.

कायदा मात्र गाडीवानाला ओळखतो, आणि फार तर बैलाच्या मालकाला. अतिभार लादणारा तो, म्हणून गुन्हेगार तो. त्या पंधरवड्यात कुणी कारखान्याच्या आवारात जाऊन मराठीत विचारले असते, की बाबा, बैलाला त्रास कशाकशाने होतो, तर रांगेत उभ्या गाड्यांसाठी सावली हवी, पाण्याचे हौद हवेत, गाडीचे वजन जास्त भरले तर आधी कारखान्याला जाब विचारा, अशा चार गोष्टी निघाल्या असत्या. त्यातून कदाचित एखादे असे कलम निघाले असते, जे दंडाच्या दहा आकड्यांपेक्षा बैलाच्या जास्त उपयोगी पडले असते. ज्या दिवसांत राज्यातले सर्वांत जास्त राबणारे बैल रस्त्यावर होते, त्याच दिवसांत बैलांच्या कायद्यावर मते मागवली गेली, आणि ती त्या रस्त्यावरून मागवली गेली नाहीत.

कुणी म्हणेल, कायदा तर आधीपासून आहेच, लोक पाळत नाहीत त्याला काय करणार? १९६५ च्या नियमांत लिहिले आहे की ओढकामाच्या जनावराला दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त आणि सलग पाच तासांपेक्षा जास्त जुंपू नये. आणि पारा ३७ अंशांच्या वर जातो तिथे दुपारी १२ ते ३ या वेळात मुळीच जुंपू नये. मराठवाड्यात, विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार असतो. म्हणजे हा नियम आमच्याकडच्या बैलासाठी मापून शिवल्यासारखा आहे. किती गावांच्या चावडीवर तो कधी वाचून दाखवला गेला? जो नियम ऐकलाच नाही, तो मोडल्याबद्दल माणूस एखाद्या दिवशी पोलिसांच्या तावडीत सापडतो, तेव्हा त्याला तो नियम वाटत नाही, हप्ता वाटतो. आणि पोलिसांनाही बहुधा तसेच वाटते.

मी अनुवाद करते. कथा-कादंबऱ्यांचा अनुवाद करताना जी गोष्ट रोज पदराला येते, ती कायद्याच्या मसुद्याला लागू होत नाही असे मानण्याचे काही कारण नाही. मजकूर दुसऱ्या भाषेत न्यायला घेतला की त्यातला पोकळ भाग लगेच वाजतो.

मूळ शब्दच घ्या: ‘क्रुएल्टी’. हिंदीत कायद्याचे नाव ‘पशु क्रूरता निवारण अधिनियम’. मराठीत एकाच कायद्याला निदान तीन नावे चालतात. वर्तमानपत्रात तो ‘प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा’ असतो. पोलिसांच्या नोंदीत ‘प्राण्यांना निर्दयतेने वागविण्यास प्रतिबंध’ करणारा असतो. आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या संस्थेचे नाव असते ‘प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी’. क्रूरता आणि निर्दयता हे माणसाचे अवगुण झाले. ते सिद्ध करायचे तर माणसाच्या मनात शिरावे लागते. गाडीवान क्रूर होता की नुसता नाइलाजाने मारत होता, यावर वकील अर्धा दिवस बोलू शकतात. क्लेश मात्र जनावराला होतात. खांदा सुजला आहे, वेसणीने नाक चिरले आहे, डोळ्यांतून पाणी वाहते आहे, हे क्लेश दिसतात, मोजता येतात, आणि ते कुणी हौसेने दिले की नाइलाजाने, याने त्यांत फरक पडत नाही. एक शब्द आरोपीकडे बघतो, दुसरा सोसणाऱ्याकडे. कायद्याने कुणाकडे बघावे, हा प्रश्न शब्दकोशापुरता नाही. मसुदा मराठीत आला असता तर पहिल्याच ओळीला हा वाद झाला असता, आणि व्हायला हवा होता.

तमिळमध्ये आणखीच वेगळी गंमत आहे. तिकडे या कायद्याला ‘मिरुगवदै’ रोखणारा कायदा म्हणतात. ‘मिरुगम्’ म्हणजे आपला मृग, पण तिथे कुठलेही जनावर. ‘वदै’ म्हणजे आपला वध, पण तिथे छळ, यातना आणि हत्यासुद्धा. मराठी माणसाला हे नाव ऐकून वाटेल की हा हरणांच्या शिकारीविरुद्धचा कायदा आहे. एका इंग्रजी शब्दाखाली देशभर वेगवेगळे अर्थ नांदतात. दिल्लीला वाटते आपण एकच प्रश्न विचारला. ऐकणाऱ्यांनी मात्र अनेक वेगवेगळे प्रश्न ऐकलेले असतात.

छळ आणि हत्या यांतला गोंधळ तर निष्पाप राहिलेला नाही. १९६० च्या कायद्याचे अठ्ठाविसावे कलम सांगते की एखाद्या समाजाच्या धर्माला आवश्यक अशा रीतीने प्राणी मारणे या कायद्याखाली गुन्हा नाही. हा कायदा मुळात क्लेशांचा आहे. तरी २३ मे २०१७ रोजी याच कायद्याखाली गुरांच्या बाजाराचे नियम आले आणि कत्तलीसाठी गुरे बाजारात विकायला बंदी झाली. म्हातारा बैल विकून त्यात भर घालून नवा घेणाऱ्या शेतकऱ्याला ही बातमी बाजारात जनावर घेऊन गेल्यावर कळली. आठवड्याच्या आत मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने त्या नियमांना स्थगिती दिली, पुढे सर्वोच्च न्यायालयाने ती देशभर लागू ठेवली. दरम्यान गावागावांत एक समज पक्का झाला: प्राण्यांचा कायदा म्हणजे गोमांसाचा कायदा, म्हणजे आमच्या नाहीतर त्यांच्या विरुद्धचा कायदा. ज्या बैलाचा खांदा सोलला आहे, त्याचा या समजाने काडीचा फायदा झाला नाही.

आता दुसरा शब्द बघा. जुन्या कायद्यात काही गोष्टींना सूट आहे: शिंगे काढणे, डाग देणे, वेसण घालणे, आणि ‘कॅस्ट्रेशन’, ठरवून दिलेल्या रीतीने केल्यास. याला सरकारी मराठीत ‘खच्चीकरण’ म्हणतात. हा शब्द वाचून कारकुनाच्या डोळ्यांपुढे काहीच येत नाही. गावात मात्र ‘बैल ठेचणे’ म्हणतात, आणि या शब्दात काय केले जाते ते सगळे आहे. गोऱ्ह्याला पाडून, बांधून, त्याचे वृषण ठेचायचे. सरकारी शब्द वेदना झाकतो, गावचा शब्द ती उघडी करतो. अनुवादक म्हणून मला कुणी विचारले तर मी मसुद्यात ‘ठेचणे’ लिहीन आणि पुढे लिहीन की ते बंद. मग हे कलम कुणाला समजले नाही, असे म्हणायची सोय राहणार नाही.

मसुद्यातला ‘कम्युनिटी अॅनिमल’ हा आणखी एक शब्द. ज्याच्यावर कोणी मालकी सांगितलेली नाही आणि जो वन्यही नाही, असा वस्तीतला प्राणी. इंग्रजीत ही कल्पना नवी वाटावी अशी मांडली आहे. मराठीत ‘समुदाय प्राणी’ केले तर हसू येईल, कारण आपल्याकडे समुदाय म्हटले की जात नाहीतर धर्म आठवतो. पण कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. देवाच्या नावाने सोडलेला वळू कुणा एकाचा नसतो, गावाचा असतो. तो कुणाच्याही शेतात चरतो आणि त्याचे काय करायचे हा प्रश्न सगळ्या गावाचा होतो. उमेश कुलकर्णी यांचा ‘वळू’ (२००८) हा चित्रपट याच प्रश्नावर उभा आहे. गावाचे जनावर म्हणजे काय, त्याचे खाणे कुणाकडे, त्याने केलेल्या नुकसानीचे काय, याचा अनुभव गावांकडे पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. भटक्या कुत्र्यांवरून शहरांत जी हातघाई चालली आहे, तिच्यात हा अनुभव कुणी विचारलेला नाही.

यावर एक उत्तर ठरलेले असते: तुम्ही खेड्याला देव्हाऱ्यात बसवता. तसे मुळीच नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-तुपाने मळतात, पोळ्याला पुरणपोळी खाऊ घालतात, आणि पुढे वर्षभर त्याच बैलाला पराणीही टोचतात. ज्याच्याकडे प्रेमाची भाषा आहे तो मारत नाही, असे नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की खांदेमळणीचा रिवाज सांगतो, या माणसाला जुवाखालच्या खांद्याचे दुखणे माहीत आहे. बैल रवंथ करत नसेल तर तो आजारी आहे, हे त्याला कुठल्याही तज्ज्ञाआधी कळते. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या नागराजा निकालात ज्या ‘पाच स्वातंत्र्यां’चा आधार घेतला आणि जी २०२२ च्या मसुद्यातही आली, त्यांत ‘नैसर्गिक वर्तनाचे स्वातंत्र्य’ आहे. हे मराठीत कसे सांगाल? ‘जनावराला निवांत रवंथ करता येईल एवढा वेळ आणि जागा द्या’ असे सांगितले तर कुठल्याही गोठ्यात समजेल. ‘नैसर्गिक वर्तन व्यक्त करण्याचे स्वातंत्र्य’ असे सांगितले तर ऐकणारा म्हशीकडे बघेल आणि म्हैस त्याच्याकडे.

न विचारण्याची किंमत कुणी मोजली, हेही नोंदवून ठेवले पाहिजे. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू आणि बैलांच्या शर्यती बंद केल्या. निकाल प्राण्यांच्या बाजूचा होता. पण तो ज्या लोकांवर उतरला, त्यांच्याशी त्याआधी कुणी त्यांच्या भाषेत वाद घातला नव्हता, समजावले नव्हते, त्यांचे ऐकलेही नव्हते. जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर लोटलेली गर्दी बैलांपेक्षा भाषेच्या आणि मानाच्या भाषेत बोलत होती. त्याच वर्षी तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांनी केंद्राच्या कायद्यात आपापल्या दुरुस्त्या केल्या, आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने त्या वैध ठरवल्या. आज जल्लिकट्टू आणि कंबळ हे शब्द भारतीय कायद्यात आहेत. शंकरपट आणि बैलगाडा शर्यत यांनाही कायद्याचे छत्र आहे. आपल्या भाषांना या कायद्यात जागा मिळाली ती फक्त अपवादाच्या दाराने. समोरच्या दाराने बोलावले असते तर कदाचित चर्चा झाली असती, की शर्यत ठेवायची तर शेपूट पिरगाळणे, चाबूक, विजेचे झटके कसे बंद करायचे. मागच्या दाराने आल्यावर लोक आधी सूट घेतात आणि अटींचे मग बघू म्हणतात.

सरकारची बाजूही मला ठाऊक आहे, कारण ती एकदा न्यायालयात मांडून झाली आहे. २०२० साली पर्यावरण आघात मूल्यांकनाची अधिसूचना अशीच इंग्रजी-हिंदीत मतांसाठी आली. दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी सांगितले की ती आठव्या परिशिष्टातल्या २२ भाषांत भाषांतरित करा. केंद्राने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. म्हणणे असे, की कायद्याने आम्ही फक्त हिंदी आणि इंग्रजीला बांधील आहोत. भाषांतरांत अर्थ बदलतील, वाद होतील. मोठे देखणे तर्कशास्त्र आहे. अर्थावरून वाद व्हावा म्हणूनच तर लोकांना विचारायचे असते. तो कायदा होण्याआधी झाला तर सल्लामसलत, नंतर झाला तर खटला. शिवाय अनुवादाची यंत्रणा सरकारकडे नाही असे नाही. १९७३ पासून केंद्रीय कायद्यांच्या प्रादेशिक भाषांतल्या अनुवादांना अधिकृत मानण्याची तरतूद आहे, महाराष्ट्रात १९६० पासून भाषा संचालनालय आहे, न्यायव्यवहार कोश आहे. म्हणजे कायदा झाल्यावर आम्हाला तो आमच्या भाषेत मिळू शकतो. होण्याआधी मिळत नाही. तेराव्याचे जेवण आहे, बारशाचे आमंत्रण नाही. आणि राज्यघटनेचा ३४८ वा अनुच्छेद विधेयकाचा अधिकृत पाठ इंग्रजीत असावा म्हणतो. लोकांना त्यांच्या भाषेत विचारू नका, असे तो कुठेही म्हणत नाही.

आणखी एक आक्षेप जास्त प्रामाणिक आहे, आणि तो प्राण्यांसाठी झटणाऱ्या माझ्या मित्रमंडळींकडून येतो. ते म्हणतात, गुलामगिरी बंद करताना कुणी मालकांना विचारले होते का? जे जनावराला मारतात त्यांचेच मत घेतले तर कायदा कधीच होणार नाही. पण गाडीवान हा मालक आणि बैल हा गुलाम, असे हे सरळ गणित नाही. उचलीने बांधलेला गाडीवान आणि वेसणीने बांधलेला बैल एकाच रांगेत उभे असतात. शिवाय मत घेणे म्हणजे मत मान्य करणे नव्हे. त्याला विचारा, त्याचे ऐका, मग पटले नाही तर का पटले नाही ते त्याच्या भाषेत सांगा. कायद्याला धाक हवा असेल तर पोलीस पुरेल. कायदा पाळला जावा असे वाटत असेल तर तो रात्री गोठ्यात, जिथे पोलीस नसतो, तिथे कुणाला तरी आठवला पाहिजे.

या कायद्याचा जन्मही आठवण्यासारखा आहे. नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल राज्यसभेत गेल्या, त्यांनी प्राण्यांसाठी खासगी विधेयक मांडले, नेहरूंच्या आश्वासनावर ते मागे घेतले, मग १९६० चा कायदा आला आणि १९६२ मध्ये स्थापन झालेल्या प्राणी कल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. एका कलावंत बाईने हे घडवून आणले याचा आपल्याला अभिमान हवा. पण करुणेचा कायदा दया असलेल्या थोड्यांनी बाकीच्यांसाठी करायचा, हा घाट तेव्हापासून पडला तो अजून मोडलेला नाही. घटनेच्या ५१-क अनुच्छेदाने मात्र प्राणिमात्रांबद्दलची दयाबुद्धी प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य केली आहे. कर्तव्य सगळ्यांचे असेल तर प्रश्नही सगळ्यांना विचारावा लागेल.

सामान्य माणसाला हा विषय परका नाही. मुंबईत परळला पेटिट घराण्याने उभारलेले प्राण्यांचे रुग्णालय आहे, लांबलचक इंग्रजी नावाचे. लोकांनी त्याचे नाव केव्हाच ‘बैलघोडा हॉस्पिटल’ करून टाकले. हा अनुवाद कुणी करून दिला नव्हता. ट्रामचे घोडे आणि खटाऱ्यांचे बैल ज्यांनी पाहिले होते, त्यांनी तो केला. तिथे कुणाची सेवा होते हे त्या नावात जितके स्पष्ट आहे, तितके मूळ नावात नाही.

म्हणून मागणी साधी आहे. २०१४ साली केंद्रानेच ठरवलेल्या विधिपूर्व सल्लामसलतीच्या धोरणात मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवावा, सोबत सोप्या भाषेत टिपण द्यावे, ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांच्यापर्यंत तो पोचवावा आणि आलेल्या सूचनांचा गोषवारा जाहीर करावा, असे लिहिलेले आहे. आधी ते पाळा. पुढच्या वेळी हा मसुदा येईल तेव्हा तो २२ भाषांत येऊ द्या, आणि गोंडी, भिली, गोरमाटी बोलणाऱ्यांपुढे तो वाचून दाखवा, कारण त्या या २२ मध्ये नाहीत आणि त्यांच्याकडे जनावरे आहेत. गुरांच्या आठवडी बाजारात, साखर कारखान्याच्या आवारात, धनगरांच्या वाड्यावर तोंडी सुनावणी घ्या. लिहिता न येणाऱ्याची सूचना ही सूचनाच धरा. आणि तारखा ठरवताना सुगी आणि गळीत हंगाम बघा.

यासाठी लागतील ते अनुवादक देशात आहेत. आम्हाला बक्षीस समारंभांना बोलावता, तसे एकदा कामालाही बोलवा. ‘क्लेश’ लिहायचे की ‘क्रूरता’, यावर आम्ही आपसांत भांडू, थोडा वेळ खाऊ. बैल ६२ वर्षे थांबला होता. नीट शब्दासाठी आणखी दोन महिने त्याला चालतील.